‘आमच्याकडे इंटर्नशिप नसते’ असं मालक म्हणाले तर

प्रश्न : मी संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मोठ्या कंपन्यांच्या जाहिराती पाहून चाळीसेक अर्ज केले. दोघांनी नकार कळवला, बाकीच्यांचं उत्तरच नाही. बाबा म्हणाले, जवळपासच्या छोट्या उद्योगांत विचार. चार ठिकाणी जाऊन आलो, पण सगळीकडे ‘आमच्याकडे इंटर्नशिप वगैरे नसते’ हेच ऐकलं. विद्यापीठाच्या प्लेसमेंट सेलकडेही मोठ्या कंपन्यांचीच यादी आहे. अशा ठिकाणी काम करून पुढे काही उपयोग होतो का? आणि सुरुवात कशी करायची?

उत्तर : बाबांचं म्हणणं बरोबर आहे, आणि चार ठिकाणी स्वतः जाऊन आलास हेही चांगलं केलंस. बदलायला हवा तो फक्त प्रश्न.

दहा-पंधरा माणसांच्या उद्योगात एचआर नावाचं खातं नसतं. ‘इंटर्नशिप’ म्हटलं की मालकाच्या डोळ्यांपुढे एक नवखा मुलगा येतो. त्याला बसायला जागा द्यायची, शिकवायला वेळ काढायचा आणि शेवटी शिक्का मारून सर्टिफिकेट द्यायचं. तो नाही म्हणणारच. पण याच माणसाकडे ‘कुणीतरी बसून करायला हवं’ म्हणत वर्षभर मागे पडलेली कामं असतात. तू त्या कामाबद्दल विचार.

माझ्याकडे आलेल्या एका विद्यार्थिनीचा अनुभव सांगते. ती सुट्या भागांच्या एका लहान वर्कशॉपमध्ये गेली होती. मालक फोनवर बोलता बोलताच नाही म्हणत होते. टेबलावर मालाचं रजिस्टर उघडं पडलं होतं, पानांच्या कडा तेलकट बोटांनी काळ्या झालेल्या. तिने विचारलं, “यातला कुठला माल ऐन वेळी संपतो?” मालकांनी फोन खाली ठेवला आणि पुढची वीस मिनिटं तेच बोलत होते. सहा आठवड्यांत तिने दोन वर्षांच्या नोंदी एक्सेलमध्ये भरल्या आणि कोणता माल किती उरला की ऑर्डर द्यायची याचा एक तक्ता करून दिला. पुढच्या मुलाखतीत तिला सगळ्यात जास्त प्रश्न त्या तक्त्यावरच विचारले गेले. वर्कशॉपचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं, पण त्याने काही अडलं नाही.

तू संख्याशास्त्राचा आहेस, म्हणजे अशी कामं तुझीच. पहिल्या भेटीत बायोडेटा काढू नकोस. काय अडतं ते विचार, ऐक, लिहून घे. दोन दिवसांनी एक पान घेऊन परत जा. काम कोणतं, किती आठवडे, आठवड्यातले कुठले दिवस आणि शेवटी त्यांच्या हातात काय येणार, एवढंच त्यावर असू दे. खाली एक ओळ हवीच : आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं मालकांनी किंवा एखाद्या अनुभवी माणसाने काम बघावं. ही ओळ गाळलीस तर तू तिथे एकटा पडशील. छोट्या ठिकाणी सगळे आपापल्या घाईत असतात, शिकवायला आपणहून कुणी येत नाही.

मानधनाचं पहिल्याच दिवशी बोलून घे. तुझ्या कामाचा धंद्याला उपयोग होणार असेल तर निदान जाण्यायेण्याचा खर्च मागण्यात संकोच नको. पगारी माणसाचं रोजचं काम फुकट करून घेत असतील तर नम्रपणे बाहेर पड. इंटर्नशिपसाठी तुझ्याकडूनच पैसे मागणाऱ्याच्या दारात पुन्हा जाऊ नकोस. आणि ग्राहकांची नावं, नंबर, हिशेब स्वतःच्या फोनमध्ये घेऊ नकोस. भरवसा एकदा गेला की तुझ्या मागून येणाऱ्यांनाही दार बंद होतं.

आता प्लेसमेंट सेलबद्दल. मोठी कंपनी एका फेरीत वीस मुलं घेते, छोटा उद्योग एक. पत्रव्यवहार, करार, देखरेख मात्र दोन्हीकडे तेवढीच, म्हणून छोटे उद्योग यादीबाहेर राहतात. पण यावर उपाय जुना आहे. 1906 साली अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी अभियांत्रिकीच्या 27 विद्यार्थ्यांना घेऊन शिक्षण आणि काम जोडणारी योजना सुरू केली. त्यांनी जोड्या लावल्या. एक जण आठवडाभर वर्गात, त्याचा जोडीदार कारखान्यात, पुढच्या आठवड्यात अदलाबदल. त्यामुळे कारखान्यातली जागा कधी रिकामी राहिली नाही. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाची तर 1957 मध्ये सुरुवातच अशा अभ्यासक्रमाने झाली. मला यातली जोडीची कल्पना फार मोलाची वाटते, कारण ‘मुलगा शिकून तयार झाला की निघून जातो’ हीच मालकांची मोठी तक्रार असते.

माझ्याकडून एकदा नेमकी इथेच चूक झाली. एका कारखान्यात मी आठ मुलं एकदम पाठवली, काम काहीच ठरवलं नव्हतं. पंधरा दिवस ती मुलं भिंतीलगतच्या खुर्च्यांवर बसून होती. त्या कारखान्याने नंतर एकही विद्यार्थी घेतला नाही, आणि त्याची रुखरुख मला अजून आहे.

म्हणून तुझ्या विभागातल्या एखाद्या प्राध्यापकांना भेट. आठ-दहा उद्योगांकडे पडून असलेली कामं गोळा करायची, प्रत्येक कामाला दोन विद्यार्थी द्यायचे आणि पहिल्याने जाण्याआधी आठवडाभर दुसऱ्याला सगळं समजावून द्यायचं, एवढी योजना त्यांच्यापुढे ठेव. दोन वर्गमित्र बरोबर घेऊन जा. एकट्याने मागितलं तर ती वैयक्तिक अडचण वाटते, तिघांनी मागितलं तर तो विभागाचा विषय होतो. या कामाचे क्रेडिट मिळतील का, तेही त्याच भेटीत विचारून घे.

त्या चार ठिकाणांपैकी जिथे तुझ्याशी बरं बोलले असतील, तिथे या आठवड्यात परत जा. मालकांनी सांगितलेली अडचण त्यांच्याच शब्दांत लिहून मला पाठव. ते एक पान कसं लिहायचं ते मग आपण मिळून बघू.