वायंगणी (उन्हाळी) भात शेणखत, पालापाचोळ्यावर आणि कमी पाण्यात घेता येईल का?

घेता येईल, मात्र जमीन रेताड नसावी. चिखलणीच्या सुमारे 8 दिवस आधी गिरीपुष्पाच्या (ग्लिरिसिडिया, हिरवळीच्या खताचे झाड) फांद्या दर गुंठ्याला 30 किलो या प्रमाणात खाचरात पसरून ठेवाव्यात. पाने गळली की काड्या उचलून (चुलीला त्या उत्तम) पाला चिखलात मिसळावा, म्हणजे नत्राची बरीच गरज त्यातूनच भागते. रोपे रुजल्यावर खाचर सतत भरलेले ठेवण्याचे कारण नाही. छिद्रे पाडलेली नळी जमिनीत उभी पुरून तिच्यातील पाणी पृष्ठभागाखाली 15 सेंटिमीटर उतरल्यावरच पुन्हा 5 सेंटिमीटर पाणी द्यावे. फुलोऱ्यात मात्र ही काटकसर अजिबात करू नये, कारण त्या काळात ताण बसल्यास पळिंज (पोकळ दाणे) वाढते. खाचर सतत भरलेले नसल्याने तणाचा त्रास वाढेल, म्हणून बेणणीची एक पाळी जास्त धरावी.