ब्रेक्झिटसारखा प्रश्न थेट लोकांना विचारावा का? विदर्भाच्या बाबतीत असं जनमत चालेल का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. ब्रिटनने युरोपियन युनियनमध्ये राहायचं की बाहेर पडायचं हे सरळ लोकांच्या मतावर सोडलं, ते बरोबर होतं का? आणि वेगळं राज्य मागणाऱ्या आम्हा विदर्भवाल्यांना असं जनमत चालेल का? मी नागपूरचा आहे आणि वेगळा विदर्भ व्हावा असं मला मनापासून वाटतं. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना माझा कल तुम्हाला ठाऊक असेल.

लोकांना विचारलंच पाहिजे, असं माझं मत आहे. पण एकदाच विचारून भागत नाही. पहिल्यांदा विचारायचं, "बाहेर पडण्याच्या अटी ठरवायला घ्यायच्या का?" मग अटी ठरल्या की त्या लेखी समोर ठेवून दुसऱ्यांदा विचारायचं, "या अटींवर बाहेर पडायचं का?" आणि दोनदा विचारणार हे पहिल्या मतदानाच्या आधीच कायद्यात लिहून ठेवायचं. ब्रिटनने यातलं फक्त अर्धं केलं, आणि पुढची साडेतीन वर्षं तो देश त्याचीच किंमत मोजत राहिला.

२४ जून २०१६, शुक्रवार. आपल्याकडे सकाळचे नऊ वाजून गेले होते. मी तर्री-पोह्यांची प्लेट घेऊन टीव्हीसमोर बसलो होतो आणि बीबीसीने जाहीर केलं की ब्रिटन बाहेर पडणार. माझा मावसभाऊ तेव्हा लेस्टरला नोकरीला होता. भारतीय पासपोर्ट, वर्क व्हिसा, जाऊन जेमतेम अडीच वर्षं झालेली. तरी त्याने आदल्या दिवशी मत दिलं होतं. इकडे फार जणांना हे माहीत नसतं, पण ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना त्या मतदानात हक्क होता, म्हणून भारतीयांनाही होता. त्याच्या शेजारी एक पोलिश बाई राहायच्या. नऊ वर्षं तिथे काढलेली, मुलं तिथल्याच शाळेत. त्यांना मत नव्हतं. त्या सकाळी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना त्या याला भेटल्या आणि एवढंच विचारलं, "आता आम्हाला जावं लागेल का?" तो मला फोनवर म्हणाला, "अरे, मला काही सांगताच येईना. मीच बाहेर पडायच्या बाजूने मत दिलंय आणि मलाच माहीत नाही."

त्याला माहीत नव्हतं यात त्याचा दोष नाही. कुणालाच माहीत नव्हतं. अशा लोकांनी राहायचं की जायचं, त्यासाठी अर्ज कुठे आणि कसा करायचा, ही योजना सगळ्यांसाठी खुली झाली ती मार्च २०१९ मध्ये. म्हणजे त्या बाईंच्या प्रश्नाला लेखी उत्तर मिळायला पावणेतीन वर्षं लागली.

मतपत्रिकेवर दोनच पर्याय होते: राहायचं किंवा सोडायचं. ७२.२ टक्के मतदान झालं. ५१.९ टक्के सोडण्याच्या बाजूने, ४८.१ टक्के राहण्याच्या. माझ्या दृष्टीने एवढा निसटता फरक हा मुख्य अडचणीचा भाग नाही. अडचण अशी की दोन पर्याय एका जातीचे नव्हते. राहायचं म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं, कारण १९७३ पासून ते त्यातच राहत होते. ते बांधलेलं घर होतं. ओल कुठे येते, भाडं किती जातं, शेजारी कसे आहेत, सगळं समोर. सोडायचं म्हणजे मात्र लेआउटमधला रिकामा प्लॉट होता, आणि त्या प्लॉटवर ज्याने त्याने मनातल्या मनात आपापलं घर बांधून ठेवलं होतं. मच्छीमारांना आपला समुद्र परत हवा होता. बंद पडलेल्या कारखान्यांच्या गावांना कामधंदा हवा होता. काही पुढाऱ्यांना कर आणि नियम कमी असलेला, जगाशी मुक्त व्यापार करणारा देश हवा होता. माझ्या मावसभावाला वाटलं, युरोपातून येणारे कमी झाले की आपल्याकडच्या लोकांना व्हिसा सोपा होईल. ही चार घरं एका प्लॉटवर बसत नाहीत. पण फुली सगळ्यांनी एकाच चौकोनात मारली.

हे नुसतं माझं म्हणणं नाही, तिथल्या संसदेतच ते उघडं पडलं. थेरेसा मे यांनी युरोपशी केलेला करार संसदेने तीनदा फेटाळला. पहिल्यांदा, जानेवारी २०१९ मध्ये, तर २३० मतांनी. मग २७ मार्च २०१९ ला खासदारांनी स्वतःच आठ वेगवेगळे पर्याय मतदानाला घेतले. कराराशिवाय बाहेर पडायचं, फक्त जकात संघात राहायचं, नॉर्वेसारखं युरोपच्या बाजारपेठेत राहायचं, पुन्हा लोकांना विचारायचं, असे. आठांपैकी एकालाही बहुमत मिळालं नाही. बाहेर पडायची मूळ तारीख दोन दिवसांवर आली होती! जे मतदानाच्या आधी व्हायला हवं होतं ते तीन वर्षांनी, घड्याळ डोक्यावर टिकटिकत असताना चाललं होतं.

तिथल्या बसची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. दर आठवड्याला ३५ कोटी पौंड युरोपला जातात, ते आपल्या आरोग्यसेवेला देऊ, असं लाल बसवर लिहून गावोगाव फिरवलं. ब्रिटनला मिळणारी सूट त्या आकड्यातून वजाच केली नव्हती. अधिकृत आकडेवारीवर देखरेख करणाऱ्या तिथल्या संस्थेने हा आकडा दिशाभूल करणारा आहे असं प्रचार चालू असतानाच सांगितलं, तरी बस फिरत राहिली. पण दुसरी बाजूही धुतल्या तांदळाची नव्हती. अर्थमंत्र्यांनी बजावलं होतं की सोडायच्या बाजूने कौल गेला तर लगेच तातडीचं बजेट आणून कर वाढवावे लागतील. तसं काही झालं नाही, आणि जिची भीती घातली होती ती मंदीही लगेच आली नाही. नुकसान झालं ते हळूहळू, व्यापारातून. तिथल्या सरकारी अंदाज कार्यालयाने धरलेला हिशोब असा, की युनियनमध्ये राहिले असते त्या मानाने उत्पादकता दीर्घकाळात ४ टक्क्यांनी कमी राहील.

व्यापारातून म्हणजे कसं, हे आमच्याकडच्या संत्र्यावरून सांगतो. आमची काटोलकडे थोडी बाग आहे. बांगलादेश हे नागपुरी संत्र्याचं मोठं गिऱ्हाईक. त्यांनी आयात शुल्क वाढवत नेलं आणि इकडे बागांचे सौदे बसले. मृग बहाराच्या वेळी जो व्यापारी झाडावरच भाव ठरवून इसार देऊन जायचा, तो बागेत आला, फिरला, चार फळं हातात घेऊन पाहिली आणि "नंतर सांगतो" म्हणून निघून गेला. ढाक्यात काढलेला एक हुकूम काटोलच्या झाडापर्यंत असा पोचतो. आता उलट आठवा. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला आणि राज्यांच्या सीमेवरचे कराचे नाके उठले, तेव्हा ट्रकवाल्यांचे किती तास वाचले. युरोपची एकच बाजारपेठ म्हणजे देशादेशांत उठवलेले असे नाके. १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटनच्या मालासाठी ते पुन्हा उभे राहिले: जकातीचे कागद, माल मूळ कुठला याचा दाखला, फळं-मांसासाठी तपासणीची प्रमाणपत्रं. मोठ्या कंपन्यांनी माणसं ठेवली. लहान व्यापाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी युरोपला माल पाठवणंच सोडलं.

आणि आयर्लंड. उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्ये, खालचा आयर्लंड युरोपियन युनियनमध्ये, मधली सीमा सुमारे ५०० किलोमीटरची. तीस वर्षांच्या रक्तपातानंतर १९९८ च्या करारामुळे तिथे शांतता आली होती आणि सीमेवरचे पहारे उठले होते. तिथे पुन्हा नाका बसवणं कुणालाही परवडणारं नव्हतं. शेवटी तपासणी समुद्रात ढकलली, म्हणजे एकाच देशाच्या दोन भागांमध्ये. उत्तर आयर्लंडमध्ये ५५.८ टक्के लोकांनी राहण्याच्या बाजूने मत दिलं होतं. मतदानापूर्वीच्या प्रचारात या सीमेची चर्चा किती झाली? जवळजवळ नाहीच. मला या सगळ्या प्रकरणात सर्वात जास्त राग याचा येतो. कॅमेरून सरकारने तर खात्यांना बाहेर पडण्याची तयारीच करू दिली नव्हती, आणि नंतर संसदेच्या परराष्ट्र समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले.

हे दुसऱ्या पद्धतीनेही करता येतं, आणि त्याच देशात दोनच वर्षं आधी केलं गेलं होतं. सप्टेंबर २०१४ मध्ये स्कॉटलंडने ब्रिटनमधून बाहेर पडायचं का यावर मत दिलं. तिथल्या सरकारने मतदानाच्या दहा महिने आधी सहाशेहून जास्त पानांचा आराखडा छापला. चलन कोणतं, पेन्शन कोण देणार, सैन्याचं काय, पासपोर्ट कसा, सगळं त्यात होतं. आराखडा पक्का नव्हता. चलनाच्या मुद्द्यावर विरोधकांनी त्याचे वाभाडे काढले. पण वाभाडे काढायला हातात काहीतरी लेखी होतं! ८४.६ टक्के मतदान झालं, ५५.३ टक्क्यांनी "नको" सांगितलं. ब्रेक्झिटच्या बाजूने असा एकही अधिकृत आराखडा लोकांसमोर नव्हता, आणि असता तर बाहेर पडू पाहणारेच आपसात फुटले असते.

आता विदर्भ. दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत हे मान्य. विदर्भ वेगळा झाला तरी रुपया तोच, देश तोच, बुटीबोरीला जकात नाका बसणार नाही. आणि आपल्या घटनेत यासाठी जनमताची तरतूदही नाही. कलम ३ प्रमाणे संसद साध्या बहुमताने नवं राज्य करते, विधानसभेचं फक्त म्हणणं मागवते. २०१४ मध्ये आंध्रच्या विधानसभेने विधेयक फेटाळलं, तरी तेलंगण झालं.

पण न विचारण्याचं दुःख आम्हाला चांगलं माहीत आहे. विदर्भाने मराठी भाषकांच्या एका राज्यात यायचं, यासाठी २८ सप्टेंबर १९५३ ला नागपूर करार झाला. यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, आमच्याकडचे रा. कृ. पाटील अशा नेत्यांच्या त्यावर सह्या. वर्षातून एक अधिवेशन नागपूरला, नोकऱ्यांत आणि शिक्षणात लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा, अशी आश्वासनं. १९५५ मध्ये राज्यांच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली, ती बाजूला पडली. सामान्य वैदर्भीयाला या सगळ्यात एकदाही कुणी विचारलं नाही. कलम ३७१ खालची विकास मंडळं यायला १९९४ उजाडलं, आणि ३० एप्रिल २०२० ला मुदत संपली तेव्हा ती वाढवली गेली नाही. हिवाळी अधिवेशनात विधानभवनाकडे निघालेले मोर्चे पाहत मी मोठा झालो. दोन आठवडेही न चालणारं अधिवेशन आणि त्यासमोर गडचिरोलीहून रात्रभर प्रवास करून आलेली माणसं. म्हणून लोकांचं मत घ्यायलाच नको, असं म्हणणाऱ्यांशी माझं कधीच जमणार नाही.

तरी उद्या कुणी "विदर्भ हवा की नको" एवढीच चिठ्ठी हातात दिली, तर मला भीती वाटेल. कारण इथेही प्लॉट रिकामाच आहे. नागपूरच्या माणसाला वाटतं राजधानी आपल्याकडे. अमरावती-अकोल्याकडचे उघड म्हणतात, मुंबईच्या जागी नागपूर येणार असेल तर आम्हाला काय फरक पडला? चंद्रपूर-कोराडीची वीज कोणत्या दराने बाहेर जाणार, सिंचनाचा अनुशेष कोण भरणार, कर्जाची वाटणी कशी, कर्मचारी कुणाचे? तेलंगणात कायदा लिहूनसुद्धा संस्थांच्या वाटणीचे वाद दहा वर्षं चालले. न लिहिता काय होईल याचा विचार करा.

मावसभावाचं गणित पुढे खरं ठरलं, हेही सांगायला हवं. युरोपातून येणारे घटले आणि भारतातून जाणारे खूप वाढले. आमच्या गल्लीतलीच दोन मुलं तिकडे शिकायला गेली. पण तो आता म्हणतो, "मी माझ्यापुरतं मत दिलं होतं. शेजारच्या बाईचं काय होणार, हे त्या कागदावर कुठे लिहिलेलंच नव्हतं."

तुमच्या मनात येणारी शंका माझ्या काकांनीही काढली होती. दोनदा विचारणं म्हणजे नको असलेला निकाल फिरवायची युक्ती नाही का? ब्रिटनमध्ये दुसऱ्या मतदानाची मागणी निकालानंतर पुढे आली, म्हणून जिंकलेल्यांना ती फसवणूक वाटली, आणि मला त्यांचा राग समजतो. काका जांबुवंतराव धोटेंच्या आंदोलनात रस्त्यावर उतरलेले, आज वय ऐंशीच्या पुढे. नागपूरच्या महाल भागातल्या त्यांच्या घराच्या ओसरीवर मी त्यांना हे सगळं सांगितलं, तेव्हा ते चिडलेच. "दुसऱ्यांदा इचारतीन तोवर आमी कोन जिवंत राहीन? सत्तर वर्सं हेच करून राहिले." मी म्हटलं, काका, पहिल्या मतदानाच्या कायद्यातच लिहायचं: अटी ठरवायला अठरा महिने, त्यानंतर अमुक तारखेला दुसरं मतदान, आणि तोवर अटी ठरल्या नाहीत तरी ती तारीख हलणार नाही.

ते बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "तारीख पह्यलेच लिहून देत असन, त मी तयार आहो."