तारीख धरताना: लोककलावंतांचे प्रश्न

प्रश्न: आमची गोंधळाची पार्टी आहे, सहा जण, घरातलंच चालत आलेलं काम. बार्शी भागात लग्नाचे गोंधळ मिळतात पण आता पुण्यातनं इव्हेंटवाल्यांचे फोन येतात, हळदीला पंधरा-वीस मिनिटं संबळ पाहिजे म्हणतात. रेट काय सांगावा कळत नाही. दोनदा कार्यक्रम झाल्यावर अर्धेच पैसे हातात पडले. मॅनेजर ठेवावा का?
*एक संबळवादक, बार्शी*

उत्तर: भाऊ, मॅनेजरचं आत्ता सोडा. महिन्याला एखादी पुण्याची तारीख असताना मॅनेजर काय खाणार आणि तुम्हाला काय देणार. फक्त फोनवर पैशाचं बोलायचं काम पार्टीतल्या एकाच माणसाकडं द्या, नाहीतर इव्हेंटवाला तुमचं ऐकून घेतो, मग चुलतभावाला फोन लावून दोन हजार कमी करून घेतो आणि घरात भांडणं लागतात ती वेगळीच.

पंधरा मिनिटं हा त्यांचा हिशोब झाला, तुमचा तर अख्खा दिवस जातो. बार्शी-पुणे जाऊन येऊन चारशे किलोमीटरच्या वर होतं, गाडीवाला किलोमीटरला १५ रुपये घेत असेल तर ६ हजार तिथंच गेले, वर टोल, सहा जणांचं जेवण, त्यात लगीनसराईत गावाकडची एक सुपारी सोडून जाताय ती पण भरून निघायला पाहिजे ना. हे सगळं कागदावर मांडा, प्रत्येकाची हजेरी धरा, मग जो आकडा येईल त्याच्या खाली उतरायचं नाही. समोरचा फारच ओढायला लागला तर रेट कमी करू नका, माणसं कमी करा. चार जणांत येतो म्हणा, दोन संबळ, तुणतुणं, झांज.

पैसे अडकतात कारण इव्हेंटवाला म्हणतो "यजमानाकडनंच आले नाहीत अजून". ते त्याचं आणि यजमानाचं बघून घेतील, तुमचा व्यवहार इव्हेंटवाल्याशी. अर्धी रक्कम खात्यात आल्याशिवाय तारीख धरायची नाही आणि बाकीची स्टेजवर चढायच्या आधी. फोन ठेवला की लगेच व्हॉट्सॲपवर टाकायचं, साध्या भाषेत: "अमुक तारीख, अमुक हॉल, ७ ते ७.३०, कलाकार ६, एकूण एवढे, ॲडव्हान्स एवढा मिळाला, बाकी कार्यक्रमाआधी, गाडीभाडं, जेवण ह्यातच धरलंय, कार्यक्रमाआधी आठ दिवसांच्या आत कॅन्सल केलं तर ॲडव्हान्स परत नाही." समोरून "ओके" आलं की तेच तुमचं ॲग्रीमेंट, स्क्रीनशॉट काढून ठेवा.

दोन गोष्टी शहरात हमखास नडतात. एक दिवटी. बंद एसी हॉलमध्ये आग चालत नाही, हॉलचा मॅनेजर ऐनवेळी अडवतो, म्हणून पेटवायची परवानगी आहे का ते आधीच विचारून घ्या. दुसरं साउंड. साउंडवाला मधोमध एक माइक उभा करतो आणि संबळापुढं तुणतुणं कुणाला ऐकूच येत नाही. संबळाच्या दोन्ही भांड्यांना वेगळा माइक, तुणतुण्याला जवळ एक, हे मेसेजमध्येच लिहा. आणि उघड्या लॉनवर असेल तर रात्री १० ला स्पीकर बंद होतो, जेवणावळीमुळं तुमची पाळी मागं मागं गेली तरी ठरलेली वेळ संपली की तुमचं काम झालेलं असतं.

आता माझं मत, पटलं तर घ्या. चौक भरून, घट मांडून कुलाचाराचा गोंधळ घालता त्याची बिदागी आणि ह्या "गोंधळ एंट्री"चा रेट एकमेकांत मिसळू नका. शेजारच्या गावात देवीचं काम परवडत नसताना पण करता तुम्ही, करा, पण त्या मायेनं बँक्वेट हॉलवाल्याला सूट द्यायचं कारण नाही.

प्रश्न: नाथांचं भारूड माझ्या आवाजात यूट्यूबवर टाकलं तर एका कंपनीचा कॉपीराइट क्लेम आला. भारूड कंपनीचं कसं?
*एक गायिका, नागपूर*

उत्तर: ताई, एकनाथ सोळाव्या शतकातले, शब्द कुणाच्याच मालकीचे नाहीत. पण कंपनीचं रेकॉर्डिंग असतं आणि कुणा संगीतकारानं लावलेली चाल असते, त्यावर हक्क असू शकतो. तुम्ही बाजारातला कराओके ट्रॅक वापरला असेल किंवा कॅसेटमधली गाजलेली चाल जशीच्या तशी घेतली असेल तर गप्प बसलेलं बरं. पण चाल घराण्यातली, वादक तुमचे, रेकॉर्डिंग तुमचं असेल तर यूट्यूबवरच बिनधास्त डिस्प्युट, म्हणजे हरकत, टाका, समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात, दिलं नाही तर क्लेम उठतो.

एक मात्र लक्षात घ्या, जुनं म्हणजे पारंपरिक नव्हे. आपल्याकडं लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. अण्णाभाऊ साठे १९६९ साली गेले, म्हणजे त्यांची गाणी, पोवाडे २०२९ संपेपर्यंत मोकळे नाहीत, गावोगावी सगळे म्हणत असले तरी. आणि स्वतः शब्द लिहीत असाल, चाली लावत असाल तर आयपीआरएस ह्या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सभासदत्व घ्या, म्हणजे तुमचं गाणं दुसरीकडं वाजलं तर रॉयल्टीचा रस्ता तरी उघडा राहतो.

प्रश्न: आयोजक जीएसटी नंबर मागतात. शाहिरी पार्टीला लागतो का?
*एक शाहीर, सांगली*

उत्तर: लोककलेच्या एका कार्यक्रमाचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर त्यावर जीएसटी माफ आहे, आयोजकाला हे सांगा, बहुतेकांना ते माहीतच नसतं. टीडीएस, म्हणजे मानधन देतानाच कापतात तो आयकर, वेगळा, तो कापू द्या पण पॅन नक्की द्या, नाहीतर जास्त कापतात. कापलेला आयकराच्या पोर्टलवर तुमच्या पॅनखाली दिसतो आणि रिटर्न भरल्यावर, उत्पन्न करपात्र नसेल तर, परत मिळतो. ज्याच्या खात्यात चेक येतो त्याच्या एकट्याच्या नावावर सगळं उत्पन्न दिसतं, त्यामुळं साथीदारांना रोख न देता खात्यातनंच द्या.