तळ्यासाठी विहिरीवर दुसरा पंप घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: परसात साधारण १०० चौरस मीटरचं तळं आहे आणि उन्हाळ्यात ते रोज दोन बोटं उतरतं. विहिरीवर एकच पंप आहे, घराचं पाणीही त्याच्यावरच. तळं कायम भरलेलं राहावं म्हणून त्याच विहिरीवर दुसरा पंप बसवायचा आणि त्यासाठी अडीअडचणीला ठेवलेली ठेव मोडायची, असं तुम्ही जवळजवळ ठरवलंय. विजेचं बिल झेपेल का, एवढंच विचारलंत.

बिल झेपेल. १००० लिटर पाणी ३० मीटर वर उचलायला, पंप-मोटरची मिळून कार्यक्षमता ४० टक्केच धरली तरी, साधारण ०.२ युनिट लागतं. मला काळजी आहे ती त्या दोन बोटांची.

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. कडक उन्हात, वारा असताना उघड्या तळ्यातून दिवसाला ६-७ मिलिमीटर पाणी उडून जातं, म्हणजे तुमच्याकडे सुमारे ७०० लिटर. दोन बोटं म्हणजे मात्र ३५ मिलिमीटरच्या आसपास, ३५०० लिटर. मधले २८०० लिटर बहुधा जमिनीत मुरतायत. रोज ३५०० लिटर उपसून तळं भरायचं तर वीज महिन्याला वीसेक युनिट, फार नाही. पण हा उपसा होणार तो विहिरीचे झरे सगळ्यात मंद असतात तेव्हा. दुसरा पंप बसवल्याने विहिरीत पाणी वाढत नाही. विहीर आटायचा वेग तेवढा वाढतो. पाणी संपल्यावर पंप कोरडा चालला की सील जातं, वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) जळतं, आणि त्या दिवशी घरातही पाणी नसतं. तुमच्या हिशेबात हा खर्च कुठेच धरलेला नाही.

म्हणून आधी एक बादली घ्या. ती तळ्यातल्या पायरीवर अर्धीअधिक बुडेल अशी ठेवा आणि आत-बाहेर पाण्याची पातळी सारखी होईल इतकी भरा. दोन्हीकडे खूण करा आणि पाऊस नसलेल्या दिवशी चोवीस तास तळ्यात पाणी सोडू नका. बादलीत जेवढं उतरलं तेवढं उन्हाने नेलं. बाहेर त्याहून जास्त उतरलं असेल, तर तेवढा पाझर.

पाझर निघाला तर पैसा तिथे घाला. काही दिवस तळं भरू नका, पातळी स्वतःहून कुठे थांबते ते बघा. कडेच्या एखाद्या फटीपाशी किंवा पाइपाच्या सांध्यापाशी थांबली तर दुरुस्ती किरकोळ असू शकते. ती सरसकट उतरतच राहिली तर तळाला बेंटोनाइट (भिजल्यावर फुगून पाणी अडवणारी) माती किंवा प्लास्टिकचं अस्तर. ते स्वस्त नाही, हे खरं. पण तो खर्च एकदाचा आहे. पाझर तसाच ठेवून पंप लावणं म्हणजे मुद्दल न फेडता नुसतं व्याज भरत राहणं.

पाझर थांबला की उरलेल्या ७०० लिटरला आहे तोच पंप पुरतो. त्याला कोरडं चालण्यापासून वाचवणारं संरक्षण आधी बसवा. या सगळ्यात बिनतक्रार करावा असा खर्च हाच. फ्लोट स्विच, म्हणजे पाण्याच्या पातळीप्रमाणे पंप आपोआप चालू-बंद करणारा तरंगता स्विच, लावलात तर चालू आणि बंद होण्याच्या पातळीत चांगलं अंतर ठेवा. मोटर दर वेळी सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते, सारखी चालू-बंद झाली तर तापते. मासे असतील तर पाणी उंचावरून धारेने पडू द्या. विहिरीच्या पाण्यात ऑक्सिजन बऱ्याचदा कमी असतो.

ठेव मात्र मोडू नका. घराचं पाणी ज्या एका पंपावर आहे, तो अवेळी बदलावा लागला तर लागणारी रक्कम त्या ठेवीत आजच धरलेली हवी. अस्तराचा खर्च निघालाच, तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत दरमहा बाजूला काढून करा. तोवर तळं थोडं उतरलेलं राहिलं तरी चालेल.