दहा वर्षांच्या मुलीचा दुधाचा सुळा पडत नाही. वाट पाहावी का?

आपल्या दहा वर्षांच्या मुलीचा वरचा डावा दुधाचा सुळा हलू लागला आहे, उजवा मात्र घट्ट आहे आणि घरातील मोठी माणसे ‘चवथ होऊ दे, मग पाहू’ म्हणतात, असे आपण लिहिले आहे. मी फोंड्यात दंतवैद्य आहे. माझ्या मते तपासल्याशिवाय थांबू नये.

वरचा कायमचा सुळा अकराव्या-बाराव्या वर्षी दिसू लागतो, पण त्याची चाहूल नऊ-दहाव्या वर्षीच लागते. हात स्वच्छ धुऊन मुलीचा ओठ उचला आणि दुधाच्या सुळ्याच्या वर, हिरडीच्या बाहेरच्या अंगाने, बोट हलकेच फिरवा. डावीकडे चिंचोक्याएवढा कठीण उंचवटा लागला आणि उजवीकडे हिरडी सपाटच राहिली, तर उजवा सुळा टाळूकडे वळला असण्याची शक्यता आहे. वयापेक्षा दोन बाजूंतला हा फरक मला अधिक महत्त्वाचा वाटतो. शेजारचा पटाशीचा दात बारीक किंवा खुंटीसारखा असेल तर संशय आणखी वाढतो, कारण सुळा त्याच्याच मुळाच्या आधाराने खाली उतरतो.

अडकलेला सुळा दुखत नाही, हीच खरी अडचण. माझ्याकडे चौदा वर्षांचा एक मुलगा केवळ दात वाकडा दिसतो म्हणून आला. एक्स-रेमध्ये पटाशीच्या दाताचे मूळ निम्मे झिजलेले होते.

वेळेवर कळले तर उपाय पुष्कळदा साधा असतो: दुधाचा सुळा काढायचा आणि साधारण वर्षभर एक्स-रेवर लक्ष ठेवायचे. स्वीडनमधील एरिकसन आणि कुरोल यांनी १९८८ मध्ये अशा ४६ सुळ्यांचा अभ्यास मांडला; त्यांतील ७८ टक्के सुळे दुधाचा दात काढल्यावर योग्य मार्गाला लागले. सुळा पटाशीच्या मुळावर फार पुढे सरकलेला असेल किंवा जागाच कमी असेल, तर मात्र एवढ्याने भागत नाही. आधी जागा करावी लागते. उशीर झाला तर हिरडी उघडून, दाताला साखळी चिकटवून तो तारांच्या मदतीने हळूहळू ओढून आणावा लागतो, आणि त्यात वर्षापेक्षा अधिक काळ सहज जातो.

बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात ऑर्थोडोंटिक्सचा, म्हणजे वाकडे दात जागेवर आणण्याच्या उपचारांचा, विभाग आहे. तिथे दाखवता येईल. जाताना पूर्वीचे एक्स-रे न्या, आणि आपल्या दोघांच्या घरी कोणाचा सुळा असा अडकला होता का, हे विचारून ठेवा, कारण हा दोष घराण्यातही आढळतो.