नव्या वर्षी दरवेळी प्रार्थना करूनही जगण्याचा उद्देश सापडत नाही. माझी श्रद्धा कमी पडते आहे का?

श्रद्धा कमी पडते असं मला वाटत नाही. तुम्ही लिहिलंय, की दर वर्षी देवापुढे हात जोडता, संकल्प सोडता, आणि तरी आपण कशासाठी जन्मलो हे उमगत नाही. घरात बसून नुसता विचार करत राहिलं तर ते मलाही कधी उमगलं नसतं. समोरच्याला आत्ता काय हवंय, ते पाहताना मात्र उमगत गेलं.

मी नागपूरची. एक जानेवारीला टेकडीच्या गणपतीला मोठी रांग लागते, त्या रांगेत मीही असते. पण माझं नवं वर्ष सुरू होतं ते पाडव्याला. गुढी उभारून, कडुलिंब-गूळ खाऊन होतो, तोवर आमच्याकडे ऊन तापायला लागलेलं असतं. मे महिन्यात पारा ४५च्या घरात जातो. चैत्र-वैशाखात पाण्याने भरलेला घडा दान करायची जुनी रीत आहे, ती इथल्या उन्हात राहणाऱ्याला समजावून सांगावी लागत नाही.

आमच्या गल्लीतले काही जण मिळून पाडव्यापासून मेडिकलजवळ, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याजवळ, पाणपोई चालवतो. रांजणाखाली ओली वाळू, भोवती भिजवलेलं पोतं, पाण्यात वाळ्याची पुरचुंडी. सगळ्यात जिकिरीचं काम रांजण घासायचं. आतून बुळबुळीत होतो, नुसत्या हाताने निघत नाही, नारळाची शेंडी घेऊन खांद्यापर्यंत हात आत घालावा लागतो. गडचिरोली, भंडारा, पार छिंदवाड्याहून पेशंट घेऊन आलेली माणसं तिथे थांबतात. आधी बाटली भरतात, वॉर्डात नेऊन देतात, मग परत येऊन स्वतः पितात. हे मी इतक्यांदा पाहिलंय, आणि दरवेळी देव जवळ असल्यासारखं वाटतं.

आमच्यातले एक काका बौद्ध आहेत, देव मानत नाहीत. त्यांच्या वडिलांनी १४ ऑक्टोबर १९५६ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांसोबत धम्मदीक्षा घेतली होती. बावीस प्रतिज्ञांमध्ये देवदेवता न मानण्याची प्रतिज्ञा आहे, तशी सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याचीही आहे. काका ती पाळतात. मी रांजण भरताना गणपतीचं नाव घेते. आमचा यावरून कधी वाद झालेला नाही. आपल्या विदर्भातल्या गाडगेबाबांनी तहानलेल्यांना पाणी हाच धर्म सांगितला, ते आम्हा दोघांनाही सारखंच पटतं.

म्हणून प्रार्थना सोडू नका, पण तिच्याकडून उत्तराची वाट पाहत वर्ष घालवू नका. वाचनालय, शाळा, म्हाताऱ्या शेजाऱ्यांची औषधं, काहीही धरा. मात्र एकदाच जाऊन येण्यासारखं नको, रोज किंवा दर आठवड्याला कुणीतरी तुमची वाट पाहील असं हवं. माझा तरी देवावरचा विश्वास त्यानेच घट्ट झाला.

नागपुरात असाल तर पाडव्यानंतर कधीही सकाळी सातच्या आत या. रांजण घासायला माणसं कमीच पडतात.