नायट्रेटचा परिणाम दिसत नसेल, तर जव कधी कापला ते विचारा

आपण लिहिले आहे की, पोटॅशियम नायट्रेटमध्ये भिजवलेले जवाचे दाणे साध्या पाण्यातल्या दाण्यांइतकेच उगवले, जवळपास सगळेच, आणि आता मार्गदर्शक तीव्रता वाढवायला सांगत आहेत. मुंबईतल्याच एका महाविद्यालयात मी हे भोगले आहे, म्हणून लिहितो. तीव्रतेला हात लावू नका; ०.२ टक्के, म्हणजे सुमारे २० मिलिमोलर, हे बीजपरीक्षणातले रूढ प्रमाण आहे.

नायट्रेट मोडते ती सुप्तावस्था, म्हणजे जिवंत दाणा पाणी मिळूनही न उगवण्याची अवस्था. सुप्त दाण्याच्या भ्रूणात ॲबसिसिक आम्ल (उगवण रोखणारे संप्रेरक) टिकून राहून जिबरेलिनला (उगवण घडवणाऱ्या संप्रेरकाला) अडवते, आणि नायट्रेट किंवा नायट्रिक ऑक्साइड मिळाल्यावर ती अडवणूक सैल होते. दाणे काही महिने कोरडे पडून राहिले की सुप्तावस्था आपोआप ओसरते. मग मोडायला काही उरतच नाही.

आमचे घोडे अडले ते खरेदी विभागात. मागणीच्या छापील नमुन्यात वजन, दर आणि कर यांचे रकाने होते, कापणीच्या तारखेचा नव्हता. ती मी वेगळ्या पत्राने कळवली, तर पत्र ‘नमुन्याबाहेरचा मजकूर’ असा शेरा मारून परत आले. त्यातून बिल ३१ मार्चच्या आत हवे. जव रब्बीचे पीक, राजस्थान-उत्तर प्रदेशाकडे मार्च-एप्रिलमध्ये निघते. तेव्हा मार्चअखेर सर्वांत कमी दराने जे पोते येणार, ते गेल्या वर्षीचेच. आमचे पोते मोड आणून खायला उत्तम होते.

माझा सल्ला (फक्त जवापुरता, भातावर मी काम केलेले नाही): ताज्या कापणीचे दाणे सुकवून हवाबंद डब्यात उणे २० अंशांवर ठेवावेत, म्हणजे सुप्तावस्था टिकते, आणि त्यातलेच थोडे बाहेर ठेवून तुलना करावी. तितक्याच तीव्रतेच्या पोटॅशियम क्लोराइडचा कंट्रोल (तुलनेसाठीचा संच) नसेल, तर श्रेय पोटॅशियमचे की नायट्रेटचे, हा प्रश्न परीक्षक विचारणारच. तापमानही नोंदवा, कारण १० अंशांना सुप्त जवही उगवतो आणि फरक पुसला जातो.

जाता जाता, भ्रूण काढलेल्या अर्ध्या दाण्यांत जिबरेलिन (एरवी ते भ्रूणाकडून येते) न देताच अमायलेज, म्हणजे पिष्ट फोडणारे विकर, दिसू लागले, तर पावसाळ्यात आधी बुरशीवर संशय घ्यावा. अमायलेज तीही बनवते.

आणि मागणीपत्रात वस्तूच्या नावातच लिहा: ‘जव, चालू वर्षाची एप्रिल कापणी’. तो रकाना तरी नमुन्यात असतोच.